टेलिकॉमची नोकरी करत पदवी : कोणती घरबसल्या मिळते, कोणती मिळत नाही आणि पैसे कुठे अडकतात

मोरा (पनवेल-उरण) : आपल्या पट्ट्यात टेलिकॉममध्ये काम करणारी पोरं आता घरटी नाही तरी आळीटी एक सापडते. कुणी टॉवरवर चढतो, कुणी फायबर जोडतो, कुणी घराघरांत वायफायची पेटी बसवतो, कुणी ऐरोली-महापेच्या बाजूला रात्रपाळीत स्क्रीनसमोर बसून नेटवर्कवर नजर ठेवतो. बरेचसे आयटीआय किंवा बारावी झालेले. काम शिकलेत चांगलं, पण पाच-सात वर्षांनी सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी थांबते. वरच्या जागेची जाहिरात निघते आणि पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, पदवीधर किंवा डिप्लोमाधारक.

मग मोबाईलवर जाहिरात दिसते. 'नोकरी करता करता पदवी, घरबसल्या, परीक्षेची झंझट नाही.' नंबर टाकला की दहा मिनिटांत फोन येतो. हा लेख त्या फोनच्या आधी वाचायचा आहे.

नोकरी बदलली, म्हणून प्रश्न आला

पूर्वी टेलिफोन खात्यात लागलेला माणूस लाइनमन म्हणून लागायचा आणि खात्याच्या परीक्षा देत देत वर सरकायचा. शिक्षण कमी असलं तरी खातं त्याला ट्रेनिंग देऊन पुढे नेत होतं. १ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल स्थापन झालं आणि खात्याची कामं कंपनीकडे गेली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे ७८ हजारांहून जास्त कर्मचारी घरी गेले. त्यांच्या जागी तेवढी कायम भरती झाली नाही.

काम मात्र वाढतच गेलं. २०१६ मध्ये फोरजीचा स्वस्त डेटा आला, १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजी सुरू झालं, भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोचवायचं काम चालू राहिलं. हे सगळं काम बहुतेक ठेकेदारामार्फत चालतं. टॉवर एका कंपनीचा, त्यावरचा अँटेना दुसरीचा, देखभालीचा ठेका तिसऱ्याकडे आणि प्रत्यक्ष चढणारा माणूस चौथ्याच्या पगारपत्रकावर. अशा ठिकाणी खात्याची परीक्षा नाही की सेवाज्येष्ठताही नाही. ठेका बदलला की तुमची दहा वर्षं नव्या ठेकेदाराला दिसतच नाहीत, त्याला दिसतो तो कागद. शिवाय चाळीस मीटरचा टॉवर पंचविशीत चढणं वेगळं आणि पंचेचाळिशीत गुडघे धरल्यावर चढणं वेगळं. त्या वयात जमिनीवरचं काम मिळायचं तर कागद आधी तयार लागतो.

म्हणून पदवी घ्यावी का, यावर फार चर्चा नको. घ्यावी. प्रश्न आहे कोणती आणि कुठून.

सगळ्यात आधी हे : इंजिनिअरिंगची पदवी पत्राने किंवा ऑनलाइन मिळत नाही

टेलिकॉमवाल्यांना पहिली ओढ असते बीई किंवा बीटेकची, इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनची. साहजिक आहे. बीएसएनएलमध्ये जेटीओ म्हणजे ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसरच्या थेट भरतीला इंजिनिअरिंगची पदवी लागते. खासगी कंपनीतही 'इंजिनिअर' या शब्दाला पगार वेगळा असतो. आणि एजंट नेमकी हीच पदवी विकतात.

यूजीसीने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने जे अभ्यासक्रम चालवायला मनाई केलेली आहे, त्यात इंजिनिअरिंग आहे. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, कायदा आणि शेतीची पदवीही त्यात आहे. कुणी कितीही मोठ्या विद्यापीठाचं नाव सांगितलं तरी 'ऑनलाइन बीटेक' किंवा 'डिस्टन्स बीई' हे शब्द ऐकले की फोन ठेवून द्या.

हे इतकं ठासून सांगायचं कारण आहे. २००१ नंतर देशातल्या काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईची परवानगी न घेता पत्राने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या. नोकरीवाल्यांनी रांगा लावून घेतल्या, सरकारी खात्यांतल्या कनिष्ठ अभियंत्यांनी त्यावर बढत्या मिळवल्या. प्रकरण कोर्टात गेलं. ३ नोव्हेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनच्या खटल्यात निकाल दिला. यातल्या चार अभिमत विद्यापीठांपैकी कुठेही २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या. त्यांना एआयसीटीईची परीक्षा पुन्हा द्यावी लागणार होती, तीही जास्तीत जास्त दोन वेळा, आणि पास होईपर्यंत त्या पदवीवर मिळालेली बढतीही स्थगित. २००५ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच. माणूस तीन-चार वर्षं शिकला, फी भरली, साहेब झाला, आणि दहा-बारा वर्षांनी कागदच गेला. यात शिकणाऱ्याने फसवणूक केली नव्हती. त्याने फक्त परवानगी तपासली नव्हती.

एक दरवाजा होता, तो २०१३ ला बंद झाला

जुने टेलिफोनवाले तुम्हाला सांगतील की आम्ही नोकरीत असताना इंजिनिअर झालो. ते खोटं नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनिअर्स, म्हणजे आयईटीई, ही संस्था १९५३ पासून आहे. तिची एएमआयईटीई नावाची परीक्षा असायची. कॉलेजला न जाता, पुस्तकं घेऊन अभ्यास करायचा, सेक्शन ए आणि सेक्शन बी असे पेपर काढायचे. केंद्र सरकार नोकरीसाठी ही परीक्षा इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनच्या इंजिनिअरिंग पदवीच्या बरोबरीची मानत होतं. टेलिफोन, रेल्वे, आकाशवाणी, नौदल अशा ठिकाणच्या कामगारांसाठी हा खरा रस्ता होता. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई तशीच. पेपर अवघड, पास होणारे थोडे, पण जो झाला तो पक्का झाला.

सरकारने ही मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ठेवली. त्या तारखेआधी ज्यांची नोंदणी झाली त्यांना अडचण नाही. त्यानंतर नोंदणी केलेल्यांना ही बरोबरी मिळत नाही. तेव्हा एखादे काका प्रेमाने सांगतील की बाबा रे, एएमआयईटीई कर, मी तेच केलं, तर काकांचा मान ठेवायचा आणि तारीख लक्षात ठेवायची.

मग इंजिनिअरिंगकडे जायचंच असेल तर

रस्ता आहे, पण घरबसल्या नाही. दहावीनंतर आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. २०२३-२४ पासून एआयसीटीईने नोकरी करणाऱ्यांसाठी स्वतंत्र तुकड्या चालवायला परवानगी दिली आहे. वर्ग संध्याकाळी किंवा कामाच्या वेळा सांभाळून भरतात, पण कॉलेजात जाऊनच बसावं लागतं, प्रॅक्टिकल करावं लागतं. पदवी नेहमीचीच. त्यासाठी किमान एक वर्षाचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो आणि कॉलेज व कामाचं ठिकाण यांच्यातल्या अंतराला मर्यादा आहे. कोणत्या कॉलेजला ही तुकडी मंजूर आहे ते दरवर्षी राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश सूचनेत येतं. कॉलेजच्या क्लार्कला विचारण्यापेक्षा तिथेच बघा.

यात ठेकेदाराकडच्या पोरांची एक गोची होते. अनुभवाचा दाखला मागितला की ठेकेदार हात वर करतो, किंवा गेल्या वर्षीचा ठेकेदारच गायब असतो. म्हणून नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी आणि पीएफचं पासबुक दर सहा महिन्यांनी मोबाईलवर उतरवून ठेवा. पीएफच्या पासबुकात कोणत्या महिन्यात कोणत्या आस्थापनेने पैसे भरले ते दिसतं. ठेकेदार पळाला तरी तो पुरावा पळत नाही. आणि पीएफ भरलाच जात नसेल तर पदवीच्या आधी त्याचा जाब विचारायला हवा.

मोऱ्याच्या माणसाला आणखी एक हिशेब करावा लागतो, तो येण्याजाण्याचा. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली, अटल सेतूही त्याच महिन्यात सुरू झाला, त्यामुळे बेलापूर-नेरुळच्या बाजूचं संध्याकाळचं कॉलेज आता विचार करण्याजोगं झालंय. लाँचच्या भरवशावर मुंबईतला संध्याकाळचा वर्ग धरायचा म्हटलं तर अवघड. ओहोटीला मोरा बंदरात गाळामुळे लाँच लागत नाही, हे आपल्याला सांगायला नको, आणि कॉलेजचं टाइमटेबल काही भरती-ओहोटी बघून लागत नाही.

घरबसल्या मिळणाऱ्या पदव्या : या खऱ्या आहेत

आता चांगली बातमी. बीए, बीकॉम, बीबीए, बीसीए, पुढे एमए, एमकॉम, एमबीए, एमसीए या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेता येतात आणि मान्यता असलेल्या विद्यापीठाची असेल तर ती नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. यूजीसीच्या ४ सप्टेंबर २०२० च्या नियमावलीत हे लिहिलेलं आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने पुन्हा पत्रक काढून सांगितलं. 'डिस्टन्सची डिग्री चालत नाही' असं ऑफिसातल्या कुणी सांगितलं तर हे पत्रक दाखवा.

दूरस्थ आणि ऑनलाइन यात फरक आहे. दूरस्थमध्ये पुस्तकं मिळतात, जवळ अभ्यासकेंद्र असतं, शनिवार-रविवारी संपर्कसत्रं असतात, परीक्षा केंद्रावर जाऊन लिहायची. ऑनलाइनमध्ये व्हिडिओ, वाचन, चर्चा, चाचण्या सगळं संगणकावर किंवा मोबाईलवर, आणि परीक्षाही देखरेखीखाली. पण परीक्षा दोन्हीकडे असते. दूरस्थच्या नियमांनुसार वर्षभरातल्या असाइनमेंटना जास्तीत जास्त ३० टक्के वजन आणि उरलेले ७० टक्के सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे. तेव्हा 'परीक्षेची झंझट नाही' म्हणणारा माणूस तुम्हाला पदवी नव्हे, कागद विकतोय.

आपल्याकडच्या माणसाला तीन दारं जवळची. पहिलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८९. राज्यभर अभ्यासकेंद्रं आहेत आणि बीए, बीकॉमची पुस्तकं मराठीत आहेत. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद. बारावी न झालेल्यांसाठी त्यांनी 'पूर्वतयारी' नावाचा अभ्यासक्रम चालवला आणि त्यातून एक पिढी पदवीपर्यंत गेली. दुसरं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ चं. प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै. त्याची माध्यमं मुख्यत: इंग्रजी आणि हिंदी. तिसरं मुंबई विद्यापीठाचा दूरस्थ विभाग. १९७१ पासून पत्राने शिकवणारा हा विभाग कालिन्याला आहे, आणि रायगड मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत असल्याने नाव ओळखीचं.

खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्याही खऱ्या असू शकतात, त्यांना मान्यता असेल तर. पण फीमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मुक्त विद्यापीठांची फी वर्षाला काही हजारांत असते, खासगीची तीन वर्षांची मिळून लाखाच्या घरात जाते. 'सोपा ईएमआय' म्हणतात ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. अभ्यास मध्येच सुटला तरी हप्ता सुटत नाही, आणि एक-दोन हप्ते चुकले की उद्या पीक कर्जाला किंवा गाडीच्या कर्जाला गेल्यावर बँकेत ते दिसतं. माझ्या मते आपल्या पगाराच्या माणसाने आधी मुक्त विद्यापीठांकडेच बघावं. तिथे गोड बोलणारा समुपदेशक रोज फोन करत नाही, उलट तुम्हालाच चार फोन करावे लागतात. त्याची सवय करा.

कोणती पदवी कुणाला

ज्याला टेलिकॉममध्येच राहायचंय आणि संगणकाची भीती नाही, त्याने बीसीए धरावं. टेलिकॉम आता तारांपेक्षा सॉफ्टवेअरवर जास्त चालतं. टॉवरपासून मुख्य केंद्रापर्यंत सगळा माल इंटरनेटच्याच पद्धतीने वाहतो, त्यामुळे नेटवर्क सांभाळणाऱ्या केंद्रात आणि नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये राउटर, स्विच, सर्व्हर समजणारा माणूस लागतो. नुसत्या बीसीएने तिथे भागत नाही, सोबत नेटवर्किंगचं एखादं सर्टिफिकेट लागतं. पण ज्याने पाच वर्षं ओटीडीआर लावून फॉल्ट शोधलाय, त्याला हे विषय कॉलेजच्या पोरापेक्षा लवकर समजतात. बीसीएचं माध्यम इंग्रजी असतं आणि गणितही असतं, हे आधी लक्षात घ्या. पुढे एमसीएचा रस्ता उघडतो.

ज्याला क्लस्टर इन्चार्ज, स्टोअर, बिलिंग, विक्री, वितरक अशा बाजूला सरकायचंय त्याला बीकॉम किंवा बीबीए पुरतं. इथे पदवीचा विषय कमी बघतात, पदवी आहे का ते जास्त.

आणि ज्याला टेलिकॉममधून बाहेरच पडायचंय, त्याने सरळ मराठी माध्यमातून बीए करावं. हे सांगायला काही जणांना कमीपणा वाटतो, मला वाटत नाही. राज्यसेवा, पीएसआय, तलाठी, बँक, रेल्वेच्या पदवीधर जागा, या सगळ्यांना 'कोणत्याही शाखेची पदवी' चालते. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र घेतलं तर तोच अभ्यास स्पर्धा परीक्षेला कामाला येतो. वयाची मर्यादा मात्र बघा. तिशीत पदवी सुरू केली तर हातात येईपर्यंत किती संधी उरतात ते आधी बोटांवर मोजा.

एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली आहे. एक नियमित आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन, नाहीतर दोन्ही दूरस्थ-ऑनलाइन. नोकरीवाल्याने या फंदात पडू नये. एक नीट काढा.

पदवीशिवाय आणखी एक कागद स्वस्तात मिळतो. टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिल फायबर टेक्निशियन, टॉवर टेक्निशियन, ब्रॉडबँड टेक्निशियन अशा कामांची प्रमाणपत्रं देतं. काम येत असलेल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यायची 'आधीच्या शिक्षणाला मान्यता' अशीही पद्धत आहे. याने हातातलं कसब कागदावर येतं. पण ती पदवी नाही, आणि ती पदवीच्या बरोबरीची आहे असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

वेळेचा हिशेब

तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट धरा. दूरस्थ शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, त्यात वाचन, असाइनमेंट, सत्रं सगळं आलं. म्हणजे ३,६०० तास. वर्षाला १,२००, आठवड्याला साधारण २३. हे पुस्तकातलं गणित झालं. घड्याळ लावून कुणी एवढं करत नाही, पण रोजचे दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी चार-पाच, याखाली गेलात तर तीन वर्षांत होणार नाही. न झालं तर आभाळ कोसळत नाही. इग्नूमध्ये तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. दरवर्षी थोडे विषय काढून पाच वर्षांत संपवणं हे तीन वर्षांचा हट्ट धरून दुसऱ्या वर्षी सोडून देण्यापेक्षा बरं.

परीक्षेचा महिना बघून प्रवेश घ्या. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. इग्नूची सत्रपरीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होते. जून म्हणजे आपल्याकडे पाऊस लागण्याचा महिना. वीज जाते, डिझेल जनरेटर बंद पडतात, झाड पडून केबल तुटते, कुठे विजेने कार्ड जळतं, फोन रात्री दोनला वाजतो. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांची भाताची पेरणीही तेव्हाच. डिसेंबरला भात कापून झोडून झालेलं असतं आणि नेटवर्कही शांत असतं. म्हणून अवघड विषय डिसेंबरला ठेवायचे आणि जूनला एक-दोन सोपे.

ठेकेदाराकडे अभ्यासाची रजा हा प्रकार नसतो. वेळापत्रक आलं की त्याच दिवशी सुपरवायझरला लेखी, निदान व्हॉट्सअॅपवर तारखा कळवा आणि जोडीदाराशी पाळी बदलून घ्या. जो दिवाळीत दुसऱ्याची पाळी करतो त्याला परीक्षेत माणूस मिळतो.

वाचायला जागा आणि वेळ प्रत्येकाची वेगळी. टॉवरच्या केबिनमध्ये नको, तिथे लक्ष चार्जिंगवर आणि अलार्मवर असतं. लोकलमध्ये किंवा लाँचमध्ये पाऊण तास सलग मिळतो, पण समुद्रात रेंज येते-जाते. आदल्या रात्री घरच्या वायफायवर धडे उतरवून ठेवले की काम होतं. इग्नूची बहुतेक पुस्तकं ईज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहेत, प्रवेश घेतला नसला तरी वाचता येतात. फी भरण्याआधी ज्या विषयाची पदवी घ्यायची त्याच्या पहिल्या वर्षाचं एक पुस्तक उतरवून महिनाभर वाचून बघा. वीस पानांत डोळा लागत असेल तर विषय बदला, अजून पैसे गेलेले नाहीत. सरकारच्या स्वयम् या संकेतस्थळावर २०१७ पासून नामवंत संस्थांचे अभ्यासक्रम फुकट शिकायला मिळतात. संगणक नेटवर्कचा एखादा ऐकून बघा.

फॉर्म भरताना

यूजीसीचा दूरस्थ शिक्षण विभाग आहे, त्याला डीईबी म्हणतात. डीईबी डॉट यूजीसी डॉट एसी डॉट इन या पत्त्यावर कोणत्या विद्यापीठाला कोणत्या वर्षासाठी कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे त्याची यादी असते. इथे तीन गोष्टी जुळायला हव्यात. विद्यापीठ यादीत असणं पुरेसं नाही, तुमचा अभ्यासक्रमही त्यात हवा. तुम्ही प्रवेश घेताय ते वर्ष आणि सत्र त्यात हवं. आणि दूरस्थची मान्यता आहे की ऑनलाइनची, तेही. बऱ्याच जणांची चूक इथेच होते. विद्यापीठ खरं असतं, अभ्यासक्रम मात्र मान्यतेत नसतो. त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दुसरी गोष्ट हद्दीची. राज्यातलं विद्यापीठ दूरस्थ पद्धतीने आपल्या हद्दीतच शिकवू शकतं. ईशान्येकडच्या किंवा उत्तरेकडच्या एखाद्या विद्यापीठाचं 'दूरस्थ केंद्र' पनवेलच्या गाळ्यात दिसलं तर तिथे चहासुद्धा पिऊ नका. ऑनलाइन पदवीला हद्दीची अट नाही, पण तिला गाळ्याचीही गरज नाही. नियमाने विद्यापीठाला आपलं शिक्षण दुसऱ्याला ठेक्याने चालवायला देता येत नाही. म्हणून फी फक्त विद्यापीठाच्या स्वत:च्या संकेतस्थळावरून, विद्यापीठाच्याच खात्यात. कुणाच्या वैयक्तिक नंबरवर यूपीआय करायचं नाही, पावतीचा फोटो पाठवतो म्हटलं तरी नाही. मागच्या तारखेने प्रवेश, एका वर्षात तीन वर्षांची पदवी, हे शब्द आले की समोरचा कायद्याच्या बाहेर आहे आणि तुम्हालाही बाहेर ओढतोय. नोकरीत पदवीची पडताळणी विद्यापीठाकडूनच होते, आणि खोटा कागद दिल्याचा गुन्हा दाखवणाऱ्यावर लागतो.

२०२४ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी सक्तीचा आहे. तो विद्यार्थ्याने स्वत: काढायचा असतो. त्याआधी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी लागतो, जो डिजिलॉकरमधून आधारवर फुकटात निघतो. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. ते आयडी दुसऱ्याच्या मोबाईल नंबरवर काढून घेऊ नका, नाहीतर पुढे प्रत्येक ओटीपीला त्याच्या मागे फिरावं लागेल. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि बारावीची गुणपत्रिका यांवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते आधी बघा. आपल्याकडे मधल्या नावाचा आणि आडनावाचा घोळ फार. आधारवर दुरुस्ती करायला दिवस लागतात आणि प्रवेशाची शेवटची तारीख थांबत नाही.

बारावीच झाली नसेल तर आजच्या नियमांत बहुतेक पदव्यांचं दार बंद आहे. अशांनी आधी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी काढावी. तीही नोकरी सांभाळून होते.

प्रवेश झाल्यावर परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, हे नवख्यांना माहीत नसतं. वर्षभर पुस्तकं वाचून ऐन वेळी हॉलतिकीट येत नाही ते यामुळे. असाइनमेंटची तारीख, परीक्षा फॉर्मची तारीख आणि पुढच्या वर्षाच्या नोंदणीची तारीख, या तिन्ही वेगवेगळ्या असतात. संकेतस्थळ दर पंधरा दिवसांनी उघडून बघावं लागतं. परीक्षा केंद्र निवडायला मिळालं तर कामाच्या जवळचं नको, घराजवळचं घ्या. कामाजवळचं घेतलं की पेपर सुटल्या सुटल्या साइटवर ये म्हणून फोन येतो.